पाच रुपयांत येरवडा!

"उद्या सुट्टी कशाला हवीय?" बॉसने विचारलं.
"येरवड्याच्या जेलमध्ये जायचंय."
केबिनमध्ये दोन मिनिटं शांतता! मग खुलासा केला. भाचीच्या शाळेची सहल आहे, आठवीचा वर्ग. मोठी माणसं कमी पडतायत, म्हणून मावशीची भरती झालीय.

पहाटे सहाला मुलुंडहून बस सुटली. ऐरोलीच्या पुलापर्यंत अंताक्षरी, एक्स्प्रेस-वेवर वडापाव... सहल म्हणजे सहलच! पोरांना एकाच गोष्टीत इंटरेस्ट होता. "मावशी, कसाबला कुठे फाशी दिली ते दाखवतात का?" ती फाशी 21 नोव्हेंबर 2012 ची. 26/11 घडलं तेव्हा यातलं एकही पोर जन्मलं नव्हतं.

सरांनी मात्र बसमध्येच वर्गाचे दोन गट पाडले. एक गांधीजींचा, दुसरा बाबासाहेबांचा. "तिथे पोचल्यावर भांडायचंय," एवढंच म्हणाले.

मोबाइल बाहेर!

1871 मध्ये बांधलेला हा तुरुंग आजही चालू आहे. त्यामुळे मोबाइल बाहेर, गप्पा बाहेर. दरवाजा मागे बंद झाला आणि मघाचा गोंगाट एकदम थांबला. माझाही हात दर दोन मिनिटांनी रिकाम्या खिशात जात होता.

चापेकर बंधूंना इथेच फासावर चढवलं. दामोदर 18 एप्रिल 1898 ला गेले, वासुदेव आणि बाळकृष्ण पुढच्या वर्षी मे महिन्यात. एकाच आईचे तीन मुलगे. सरांनी एवढंच सांगितलं आणि पुढे निघाले. कसाबचं नाव मग कुणी काढलं नाही.

आंब्याखालचं भांडण

मग आलं ते आंब्याचं झाड. सप्टेंबर 1932. ब्रिटिश सरकारने दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडायचे. यामुळे हिंदू समाज दुभंगेल म्हणत गांधीजींनी 20 तारखेला इथे, तुरुंगातच, आमरण उपोषण सुरू केलं. बाबासाहेब त्यांना भेटायला आले ते याच झाडाखाली.

"हं, करा सुरुवात," सर म्हणाले.

गांधी गट जोरात होता. आंबेडकर गटही मागे नव्हता. "आमचा माणूस आम्ही निवडला तर तुमचं काय बिघडलं?" एक मुलगा तावातावाने बोलला. मग माझी भाची हळूच म्हणाली, "पण सर, समोरचा माणूस उपाशी असेल तर त्याच्याशी भांडायचं कसं?"

कुणीच काही बोललं नाही. सरसुद्धा.

हाच तर पेच होता! आपलं मागणं रास्त आहे हे ठाऊक आहे, पण समोरच्याचा जीव जातोय, आणि तो गेला तर त्याचा राग आपल्या गावोगावच्या माणसांवर निघणार. 24 तारखेला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा 71 वरून 148 झाल्या. कोण जिंकलं? त्यावर वाद अजून चालू आहे. परतताना आमच्या बसमध्येही तो लोणावळ्यापर्यंत चालला. अंताक्षरी राहूनच गेली.

मी शाळेत हे सगळं 'पुणे करार, 1932, दोन मार्क' असं पाठ केलं होतं. मार्क मिळालेही होते. पण तहाच्या टेबलावर बसलेल्या माणसाची घुसमट तेरा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात सांगितली.

दुसऱ्या दिवशी बॉसने विचारलं, "काय, सुटलीस का?"
"जामिनावर," मी म्हटलं.

जाताय?

येरवड्याचं जेल पर्यटन 26 जानेवारी 2021 ला सुरू झालं. तेव्हाचं शुल्क होतं शाळकरी मुलांना 5, कॉलेजवाल्यांना 10 आणि आपल्यासारख्यांना 50 रुपये. परवानगी आधी काढावी लागते, तेव्हा सगळी चौकशी करूनच निघा. आणि हो, आत माणसं शिक्षा भोगतायत, खटल्याची वाट बघतायत. पिकनिकचा मूड गेटबाहेरच ठेवा.