नगर कोठे गेले?

गावाचे नाव बदलले की पाट्या बदलतात, शिक्के बदलतात, आणि वादही रंगतात. २०२३ साली आमचे औरंगाबाद 'छत्रपती संभाजीनगर' झाले तेव्हा हे सारे झालेच. परंतु त्या नावाचा एक प्रवास संगणकाच्या पोटातूनही चालला होता. आमचा व्यवसायच तो असल्यामुळे तो आम्हांस जवळून पाहावयास मिळाला.

रोमन लिपीत जुन्या नावास १० अक्षरे पुरत. नव्यास, मधली मोकळी जागा धरून, २५ लागतात. एका संस्थेच्या (नाव कशाला?) ग्राहकांच्या टेबलात शहराचा कॉलम २० अक्षरांचा होता. तो ५० चा केला गेला व सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तथापि त्या टेबलात माहिती भरण्याचे काम एका जुन्या स्टोअर्ड प्रोसीजरकडे होते. स्टोअर्ड प्रोसीजर म्हणजे डेटाबेसच्याच घरात कायमची ठेवलेली, एकदा शिकविलेले काम मुकाट्याने करणारी आज्ञावली. शहराचे नाव २० अक्षरांत घ्यावे, असे तिला कोणे एके काळी शिकविले होते. एस्‌क्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसीजरला दिलेला शब्द तिच्या मापाहून लांब असला, तर तो तक्रारीवाचून कापला जातो. विसाव्या अक्षरापुढे कात्री चालली आणि उरले 'छत्रपती संभाजी'. नगर गेले, पत्रे थेट महाराजांच्या नावे निघू लागली!

पिनकोडाच्या कृपेने ती पोचतही होती, म्हणून कित्येक दिवस कोणास काही कळले नाही. पुढे शहरवार मोजणी निघाली, तेव्हा एकही नवा ग्राहक या शहरात राहत नव्हता.

कॉलमचे नावच बदलले असते तर प्रोसीजर पहिल्याच हाकेस 'असा कॉलम नाही' म्हणून अडून बसली असती. ओरॅकल तर बदल होताच अशा परावलंबी प्रोसीजरवर अवैधतेचा शिक्का मारून ठेवतो. असला भांडखोर नोकर आम्हांस केव्हाही पत्करला. माहितीची अंतर्गत मांडणी बदलली तरी तिच्यावर चालणाऱ्या कामास धक्का लागू नये, हा एडगर कॉड यांच्या १९७० च्या निबंधाचा हेतू होता. येथे धक्का लागलाच नाही, हेच दुखणे.

मग सर्व प्रोसीजर उघडून पाहाव्या लागल्या. २० चे माप आणखी चौघींत निघाले. एकीत तर ते बरोबर १० चे होते.