टपालाने आलेले सायकलीचे सामान

दिवाळीत लातुराहून नांदेडास सायकलीने जाण्याचा आम्ही बेत केला व टपालाने सामान मागविले. पुडके ओसरीवर फोडले. लांबट पिशव्या पाहून मातोश्रींनी विचारले, “यात दशम्या किती मावतील?” नव्या ट्यूबांचे तोंड मात्र बारीक, फ्रेंच पद्धतीचे! चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा, सुमारे १५० किलोमीटरांची ही वाट. पंक्चरवाल्यांची हवेची नळी मोटारसायकलीच्या जाड तोंडाची, आणि मधला पितळी जोड विक्रेत्याने धाडलाच नव्हता. बालाघाटाच्या चढावर हवा गेली तर? धाकट्या बंधूंचा हट्ट मोडून आम्ही जुन्या, ठिगळांच्याच ट्यूबा ठेविल्या. लोह्याअलीकडे एक फुटलीच. पंक्चरवाल्याने ती सांधून हवा भरीपर्यंत आम्ही दशम्या संपविल्या. गोदावरीचा पूल दिवेलागणीस ओलांडला.