बोटाएवढी भेंडी

परवा रविवारी बऱ्याच दिवसांनी मामाकडे भिवंडीला जाऊन आले. भिवंडीला म्हणजे शहरात नाही, माणकोली नाक्याच्या आत. लहानपणी एसटीतून उतरलं की मामाचं घर लांबूनच दिसायचं, मधे नुसती भाताची खाचरं. आता मधे गोदामं. मुंबईत माल नेताना जकात लागायची म्हणून व्यापारी माल इथेच उतरवून ठेवायचे. २०१७ मधे जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. आपण मोबाईलवर जे मागवतो त्यातलं कितीतरी इथूनच निघतं.

मामाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. पावसाळ्यात भात, मग भेंडी.

जेवणं झाल्यावर मामाने पिशवीतून कागद काढले. "तू हापिसात कागदच वाचतेस ना? हे वाच आणि काय ते सांग."

एका मोठ्या किराणा कंपनीचा करार होता. गावातल्या शेतकऱ्यांच्या गटाकडून कंपनी थेट भाजी घेणार. सगळं इंग्रजीत!

आता कल्पना काही वाईट नाही. मामा वर्षानुवर्षं कल्याणच्या मार्केटला भेंडी न्यायचा आणि आडत त्याच्याच पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मधे सरकारने फळं-भाज्या बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली आणि आडतीचा भारही शेतकऱ्यावरून खरेदीदारावर टाकला. पुढे डिसेंबर २०१८ मधे 'स्मार्ट' प्रकल्प जाहीर झाला, त्याला नंतर बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिलं. जागतिक बँकेने त्यासाठी २१ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. शेतकऱ्यांच्या कंपन्या आणि मोठे खरेदीदार यांची गाठ घालून द्यायची आणि प्रतवारी, साठवण वगैरे उभारायला शेतकऱ्यांच्या कंपनीला ६० टक्क्यांपर्यंत अनुदान, असा तो बेत. सरकार, दुकानदार आणि शेतकरी, तिघांची भागीदारी.

मामाच्या करारातही 'भागीदारी' हा शब्द पहिल्याच पानावर होता. पुढच्या पानांवर मात्र भागीदार काही सापडेना. मालाची प्रत कंपनी ठरवणार. नाकारलेला माल शेतकऱ्याने परत न्यायचा. किती माल घ्यायचा याचं कंपनीवर बंधन नाही. गटाने मात्र दुसऱ्या कोणाला विकायचं नाही.

मी वाचून दाखवत होते आणि मामा मान हलवत होता. मागच्या हंगामात गटाने त्यांना थोडा माल देऊन पाहिला होता. भेंडी बोटाएवढी, कोवळी, सरळ हवी. एकदा सुट्टी आली म्हणून गाडीच आली नाही. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, तोड चुकली की निबर होते. दुसऱ्या दिवशी निम्मे क्रेट परत! "भाव त्यांनी चांगला दिला गं," मामा म्हणाला, "पण परत आलेल्याचा भाव कोण देणार?"

एवढा वेळ दादा गप्प बसला होता. तो जवळच्याच गोदामात सुपरवायझर आहे. जमीन गोदामाला भाड्याने द्यावी असं त्याच्या मनात आहे. "बाबा, गोदामवाला भेंडीची लांबी मोजत नाही," एवढंच म्हणाला तो. मला हसू आलं, पण त्याचं चुकतंय असं काही म्हणवेना.

परत येताना मला नाशिक जिल्ह्यातली सह्याद्री आठवत होती. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे आणि शेतकऱ्यांनी मिळून उभी केलेली कंपनी. द्राक्षं परदेशी पाठवते, शिवाय टोमॅटो आणि आंब्यावर प्रक्रियाही करते. म्हणजे फळ एका दारातून परत आलं तरी दुसरं दार आपल्याच मालकीचं. खरी गोम मला तरी तिथेच वाटते. भाव चांगला मिळणं ही अर्धीच गोष्ट झाली. परत आलेल्या क्रेटचं नुकसान ज्यात वाटून घेतलं जातं, तिला भागीदारी म्हणायचं. नाहीतर ती नुसती खरेदी, आणि मग खरेदीच म्हणा ना!

असो. मामाने सही केली नाही. नकारही दिला नाही. रात्री गटातल्या दोघांना बोलावून तीन ओळी लिहून घेतल्या. करार मराठीत हवा. आठवड्याला निदान अमुक इतका माल घेतलाच पाहिजे. आणि गाडी आली नाही तर त्या दिवसाचं नुकसान निम्मं-निम्मं. कंपनीचा मुलगा फोनवर "वर विचारून सांगतो" म्हणाला. आज मंगळवार, अजून काही आलेलं नाही.

दादा म्हणतो, दिवाळीपर्यंत थांबू. निघताना मामीने पिशवीभर भेंडी दिली. घरी येऊन पाहिलं तर सगळी परत आलेल्यातली, थोडी वाकडी, थोडी मोठी. काल चिंच-गूळ घालून केली. चवीत काहीच कमी नव्हतं.