ताईत, गोळ्या आणि ऑपरेशन

माझ्या मुलीला पहिली फीट आली ती कल्याणच्या घरी, सहरीच्या वेळी. कुणी कांदा हुंगवला, कुणी ताईत आणला. पुढे नऊ वर्षं गोळ्याच बदलत राहिलो. योग्य अशी दोन औषधं पुऱ्या मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर ऑपरेशनचा विचार करायचा असतो, हे फार उशिरा कळलं.

परळच्या केईएममध्ये एमआरआय झाला, मग कॅमेऱ्यासमोर रात्रंदिवस ईईजी. झटके मेंदूच्या उजव्या बाजूच्या एकाच भागातून उठत होते. ‘पोरीचं डोकं उघडणार?’ अम्मी रडायला लागल्या. हे म्हणाले, ‘दुआ करूच, पण इलाज करणं हीसुद्धा सुन्नतच आहे.’

दीड वर्ष झालं, फीट नाही. गोळ्या अजून चालू आहेत. परवा ती पहिल्यांदाच एकटी लोकलने ठाण्याला गेली. पोहोचल्याचा फोन येईपर्यंत मी दारातच उभी होते.