मिरजेत पैसा कुठे घालावा?

मिरजेबाहेरच्या माणसाला मिरज दवाखाने आणि सतारी या दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. तिसरी ओळख जंक्शनची. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ या एका स्टेशनात होते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची गाडी गेली ती इथूनच, त्यामुळे काही दिवस टीव्हीवरही मिरज दिसली. गेल्या काही वर्षांत मात्र गावाला चौथी ओळख मिळाली आहे, ती प्लॉटची. वलीम्याच्या पंगतीत बसा, मय्यतीहून परत येताना रिक्षात बसा, तिसऱ्या वाक्याला कोणीतरी विचारतोच, ‘काय मग, कुठे घेतलं की नाही काही?’

‘काही’ म्हणजे जमीन. पंढरपूर रोडला, म्हैसाळच्या बाजूला, सांगली-मिरज रस्त्यावर राहिलेल्या तुकड्यांत. जाहिरातीच्या फलकांवर हायवे, रेल्वे, मेडिकल हब, एमआयडीसी असे शब्द असतात आणि खाली लिहिलेले असते, ‘गुंतवणुकीची सुवर्णसंधी’. आखातातून, पुण्यातून, मुंबईतून पैसे येतात आणि बांधावरच्या चार दगडांत जाऊन बसतात.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण या गावाला पैसा कसा मिळतो हे लहानपणापासून घरातून पाहिले आहे. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आमचे घर होते. अम्मी मागच्या दोन खोल्या पेशंटच्या नातेवाइकांना भाड्याने द्यायची. खोलीबरोबर एक स्टोव्ह, दोन पातेली, एक तवा आणि पाण्याची घागर. रॉकेल ज्याचे त्याने आणायचे. अथणी, रायबाग, चिकोडीकडची माणसे यायची, जत-कवठेमहांकाळची यायची. ऑपरेशन म्हटले की तीन-तीन आठवडे मुक्काम. एकदा एका म्हाताऱ्याकडे शेवटच्या आठवड्याचे भाडे नव्हते. दोन महिन्यांनी त्याचा मुलगा एसटीच्या टपावर ज्वारीचे पोते टाकून घेऊन आला. माझी आणि माझ्या बहिणीची कॉलेजची फी त्या दोन खोल्यांनी भरली. अम्मीला कन्नड बोलता येते ते तेव्हापासून. आमच्याकडचे रिक्षावालेही एकाच सवारीत दखनी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा वापरतात, त्याचे कारण हेच.

हे सगळे सुरू झाले 1894 मध्ये, डॉ. विल्यम वॉन्लेस नावाच्या मिशनरी सर्जनने इथे दवाखाना उघडला तेव्हा. माणूस जन्माने कॅनडाचा, मिशन अमेरिकेचे, आणि गाव पटवर्धनांच्या संस्थानातले. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी, मग त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी इथेच पाट्या लावल्या. 1962 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आले. एका दवाखान्यामागे औषधाची दुकाने, लॅब, लॉज, खानावळी, फळांचे गाडे, धोबी, रक्तपेढी, चष्म्याची दुकाने अशी रांग उभी राहिली. बाहेरून आलेला रुपया गावातून निघून जाण्याआधी आठ-दहा हातांतून फिरायचा. गावाची अर्थव्यवस्था म्हणजे माझ्या लेखी एवढेच: बाहेरून किती येतो, आणि जाण्याआधी किती हातांत थांबतो.

आता ते हात कमी झाले आहेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे तीन आठवड्यांचा मुक्काम तीन दिवसांवर आला, ही आनंदाचीच गोष्ट. कोल्हापूर, सोलापूर, बेळगावात मोठी हॉस्पिटले झाली. सरकारी आरोग्य योजनेत बसणारा पेशंट जिथे त्याचे कार्ड चालते तिथे जातो, मग मिरजेच्या नावाला विचारत नाही. दवाखान्याच्या आतच कँटीन, आतच मेडिकल, आतच लॅब असते. आमच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांपैकी बऱ्याच आता बंद आहेत किंवा पाडून तिथे पार्किंग झाले आहे. बाहेरचा पैसा अजूनही येतो, पण थेट एका इमारतीत जातो. फलकावर ‘मेडिकल हब’ वाचले की मला हे आठवते. हब आहेच, पण त्याच्या शेजारी प्लॉट घेतला म्हणून त्यातला वाटा आपल्याला मिळतो असे नाही.

सतारीचे गणित याच्या उलटे आहे. इथली वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम आटले तसे हे लोक तंतुवाद्यांकडे वळले; फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतले जाते. गावात गाणे होतेच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेब किराण्याहून निघाले आणि शेवटी दर्ग्याच्या आवारात विसावले. मीरासाहेबांच्या उरसात त्यांच्या नावाने अजून रात्रभर गाणे होते. अशा गावात वाद्य करणाऱ्याला ऐकणारा कान शोधत जावे लागत नव्हते.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पेपरात फोटो आले, फेटे बांधले गेले. मला कौतुक आहेच. पण सतारमेकर गल्लीत बसून हिशेब पाहिला तर मानांकनाने काय सुटते आणि काय सुटत नाही हे कळते.

भोपळा घ्या. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू असतो. मंगळवेढा-पंढरपूरकडे भीमेच्या काठच्या जमिनीत तो मुद्दाम पिकवला जातो. वेलावर पूर्ण पिकू द्यायचा, मग महिनोन्महिने वाळवायचा. पाऊस अवेळी आला की माल खराब. शेतकऱ्याला उसात किंवा डाळिंबात जास्त मिळते, त्यामुळे भोपळा लावणारे कमी होत चालले आहेत. लाकूड तुनाचे, ते कर्नाटकातून येते. ओले लाकूड वापरले तर दांडी दोन वर्षांत वाकते आणि नाव कारागिराचे जाते. म्हणजे आज विकली जाणारी सतार कारागिराने कित्येक महिने आधी पैसे घालून विकत घेतलेली असते. ज्याच्याकडे तेवढा पैसा अडकवून ठेवण्याची ताकद नाही तो उधारीवर माल घेतो, आणि उधारी देणारा बहुतेकदा तोच व्यापारी असतो जो पुढे वाद्य उचलतो. भाव मग कोण ठरवणार? मोठ्या शहरातल्या दुकानात गेले की त्याच तानपुऱ्यावर दुकानाचे नाव लागते. मानांकनाने निदान मिरजेचे नाव वापरण्याला काही शिस्त येईल. पण लाकूड वाळेपर्यंत घर कसे चालवायचे, हा प्रश्न कागदाने सुटत नाही.

दुसरी अडचण मोबाइलची. साथीला तानपुरा हवा म्हटले की आता विद्यार्थी ॲप उघडतो. त्याआधी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आलीच होती. तरी गंमत बघा, ज्याचे गाणे थोडे पुढे जाते तो पुन्हा खऱ्या तानपुऱ्याकडे येतो, आणि मग जवारी लावून घ्यायला पुण्या-मुंबईहून मिरजेला चक्कर मारतो. जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग केसाइतका घासून तारेला तिचा नाद देणे. त्याला माप नाही, फक्त कान. हे काम येणारे हात गल्लीत आहेत, पण त्यातले बरेच साठीच्या पुढचे आहेत. मुले मेडिकल स्टोअरमध्ये कामाला जातात. पगार महिन्याला मिळतो, भोपळा वाळायची वाट बघावी लागत नाही.

आता भाच्याची गोष्ट. माझ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षे शारजात आहे, एसीच्या कामात. गेल्या रमजानच्या सुटीत अठरा लाख रुपये घेऊन माझ्याकडे बसला. ‘मामू, दीड गुंठा मिळतोय. घेऊ?’

मी म्हटले, आधी कागद आण. सातबारा आणला. त्यावर एकाच गटात अकरा नावे. बिगरशेती झालेली नाही. विकणारा म्हणतो, ‘गुंठेवारीत होऊन जाईल.’ आमच्या महापालिकेच्या हद्दीत अर्धी-अधिक वस्ती अशीच ‘होऊन जाईल’वर उभी राहिली आहे असे कधी कधी वाटते. 2001 चा गुंठेवारी कायदा आहे, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवली, पण तीही 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपुरती. आज पाडलेला तुकडा उद्या नियमित होईल असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. शिवाय जागा ओढ्याच्या कडेला. 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 आहे. 2005, 2019, 2021 या तिन्ही वर्षी त्या जागेत पाणी कुठवर होते हे शेजारच्या किराणा दुकानदाराने भिंतीवर हात ठेवून दाखवले. त्याच्या छातीएवढे.

‘मग बँकेत ठेवू?’ हा त्याचा पुढचा प्रश्न. आमच्या घरात याचे उत्तर सोपे नाही. अब्बा ठेव ठेवायचे ते सुरक्षिततेसाठी. व्याज कधी घरात वापरले नाही, बाजूला काढून सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकायचे. त्यांची ठेव ज्या सहकारी बँकेत होती तिच्यावर निर्बंध आले तेव्हा विम्याचे संरक्षण एका लाखापर्यंतच होते. 2020 च्या फेब्रुवारीत ते पाच लाख झाले, अब्बांच्या नंतर. मी भाच्याला सांगितले, ठेवायचेच तर एका ठिकाणी पाच लाखांपुढे नको, आणि व्याजाचे काय करायचे ते तुझे तू ठरव.

त्याचे चुलते सतार करतात. हात चांगला, हिशेब कच्चा. मी भाच्याला त्यांच्याकडे घेऊन गेलो, पण प्रस्ताव माझा नव्हता. भोपळ्यांच्या ढिगाऱ्याकडे बघत त्यानेच विचारले, ‘चाचा, हा माल रोखीने घेतला असता तर किती कमी पडला असता?’ चाचांनी सांगितलेला आकडा ऐकून तो गप्प झाला.

पुढे आम्ही तिघे आणि ओळखीचे एक वकील बसलो. मदत नको, कर्ज नको, शिरकत करायची असे ठरले. भाच्याने सहा लाख घालायचे, त्यातून दोन वर्षांचे लाकूड आणि एका हंगामाचे भोपळे रोखीने घ्यायचे. वाद्य विकले की मालाची किंमत आधी बाजूला काढायची, चाचांची मजुरी मग, आणि उरलेला नफा निम्मा-निम्मा. माल सडला तर तोटा भाच्याचा, चाचांची मेहनत वाया गेली ती त्यांची. वहिनींनी, म्हणजे चाचांच्या बायकोने, एक अट घातली: हिशेबाची वही तिच्याकडे राहील. ही अट सगळ्यात शहाणपणाची होती. करार पाचशेच्या स्टँपवर झाला. शंभरचा आता चालत नाही. उरलेल्यातले काही बँकेत, काही त्याच्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी. बहिणीला नोकरी मिरजेतच मिळेल याची मला प्लॉटच्या भावापेक्षा जास्त खात्री वाटते.

बहीण माझ्यावर थोडी नाराज आहे. तिच्या दिराच्या मुलाने त्याच ओढ्याकाठी तुकडा घेतला आणि चार महिन्यांत भाव वाढल्याचे तो सांगतो. विकला का, असे मी विचारले. अजून गिऱ्हाईक आलेले नाही म्हणाला.

लाकूड पावसाळ्याआधी आले. माळ्यावर रचून ठेवले आहे, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळावा म्हणून. चाचांनी प्रत्येक ओंडक्यावर खडूने तारीख घातली आहे. पुढच्या वर्षाच्या शेवटाआधी त्याला करवत लावणार नाही असे त्यांनी भाच्याला फोनवर सांगितले, आणि तोवर जुन्या मालातून होणाऱ्या सतारींत त्याचा हिस्सा नाही हेही स्पष्ट केले.