चाचणी घे, काम करून घेऊ नकोस

पुणे

चि. गौरी,

तुझ्या भाषांतर कंपनीत दोन नवी मुलं घ्यायचीयत आणि प्रत्येक उमेदवाराला बँकेच्या माहितीपत्रकाची सहा पानं घरी करायला देणार आहेस, असं तू फोनवर म्हणालीस. चाचणी घेतेस हे उत्तमच. मुलाखतीत फर्डं बोलणारा कागदावर आडवा होतो आणि ततपप करणारी मुलगी स्वच्छ वाक्य लिहून जाते, हे वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी पुष्कळ पाहिलंय. आमच्याकडे उमेदवाराला पीटीआयची एक इंग्रजी बातमी, कोरे कागद आणि तासभर वेळ मिळे. भाषांतर करायचं, मथळा द्यायचा. 'मिलियन'चे दहा लाख केलेत का, लोकसभेचे अध्यक्ष चुकून सभापती झालेत का, एवढं पाहिलं तरी निम्मा निकाल लागायचा.

पण सहा पानं? आणि तीही गिऱ्हाईकाच्या चालू कामातली? पाच जणांना वेगवेगळी पानं दिलीस की अख्खं माहितीपत्रक फुकटात झालं. तुझ्या मनात तसं नसेल, पण मुलं तसंच समजणार, आणि त्यांचं काय चुकलं? शिवाय 1957 चा कॉपीराइट कायदा बघ. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. उमेदवार तुझा नोकर नाही. त्याने लेखी हक्क दिल्याशिवाय त्याचं भाषांतर तुला छापता यायचं नाही.

तू त्या अमेरिकन संशोधनाचा दाखला दिलास. खरं आहे, श्मिट आणि हंटर यांनी 1998 मध्ये उमेदवार निवडण्याच्या पद्धतींत कामाच्या नमुना-चाचणीला, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा तुकडा करून घेण्याला, फार वरचं स्थान दिलं. पण अशी चाचणी काम आधीच येत असलेल्यांनाच लावता येते, हेही त्यांनीच लिहिलंय. पुढे 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ती चाचणी खाली आली आणि सर्वांना तेच प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत पहिली ठरली. तुझ्याकडे येणार कोण, तर नुकती बीए झालेली पोरं. त्यांना काय येतं यापेक्षा ती किती लवकर शिकतात, हे तुला कळायला हवं.

म्हणून जुन्या, छापून झालेल्या कामातला दीडेकशे शब्दांचा उतारा काढ, सगळ्यांना तोच. ऑफिसात बसवून करून घे, शब्दकोश हाताशी असू दे. घरी दिलेलं हल्ली चॅटजीपीटी करतं, आणि ज्याच्याकडे धड लॅपटॉप नाही तो तिथेच मागे पडतो. मग समोर बसून दोनतीन चुका दाखव, कारण सांग आणि पुन्हा लिहायला लाव. खरी परीक्षा ही दुसरी प्रत. कुणी चूक दाखवल्यावर हिरमुसतो, कुणी तेवढीच चूक दुरुस्त करतो, तर एखादी पोर न दाखवलेलीही हुडकून काढते. तिला घे, पहिल्या प्रतीत ती मागे असली तरी. (वाद घालणाराही वाईट नसतो, मात्र मुद्दा हवा.)

याहून मोठं काम द्यायचंच असेल तर शब्दामागे जो दर बाहेरच्या भाषांतरकाराला देतेस, तोच उमेदवाराला दे. आणि ज्यांना घेणार नाहीस त्यांनाही आठवड्याच्या आत तसं कळव, मुलं फोनकडे डोळे लावून बसलेली असतात.

तुझा,
काका