हिरड्या आणि बोटे

पूर्व विदर्भातल्या तिरोडा तालुक्यात रोवणी लागली की बायांना कंबर सरळ करायलाही उसंत मिळत नाही. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे चिमटीत धरायचे आणि रोवायचे. अशा दिवसांत सकाळी उठल्यावर मूठ वळेना, बोटांची पेरे सुजली, तर ‘वात आला’ म्हणून तेल चोळले जाते. दाढ ठणकली तर लवंग दाबून धरतात. एकाच बाईची ही दोन दुखणी, पण ती एका दमात डॉक्टरांना सांगितली जात नाहीत.

ती सांगायला हवीत, कारण बोटांची अशी सूज आमवाताची असू शकते. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दुपटी-तिपटीने अधिक होतो. हिरड्यांच्या जुनाट आजारात सापडणारा पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस हा जिवाणू एक विकर तयार करतो. त्या विकरामुळे शरीरातील प्रथिनांची रचना बदलते आणि अशा बदललेल्या प्रथिनांना शरीर परके समजू लागते. आमवाताच्या निदानासाठी होणारी अँटी-सीसीपी रक्तचाचणी याच प्रकारच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. बऱ्याच रुग्णांत ही प्रतिपिंडे सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीच रक्तात दिसतात.

तरीही संबंध दिसला म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. हिरड्यांच्या आजाराबाबत पुरावा बराच आहे, नुसत्या किडलेल्या दातांबाबत तो तोकडा आहे.

घाईने काढलेल्या निष्कर्षाची किंमत जगाने मोजलेली आहे. 1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या व्याख्यानात अनेक आजारांचे मूळ तोंडातील संसर्गात असल्याचे ठासून मांडले. पुढे काही दशके सांधेदुखीच्या असंख्य रुग्णांचे चांगले दातही उपटले गेले. दात गेले, सांधे दुखतच राहिले.

उलट दिशेचा, म्हणजे संरक्षणयंत्रणेच्या बिघाडाने दात खराब होण्याचा संबंध मात्र पक्का आहे. श्योग्रेनच्या आजारात शरीर स्वतःच्याच लाळग्रंथींवर हल्ला करते. लाळ आटली की दातांचे संरक्षण जाते आणि ते भराभर किडतात. अशा वेळी रुग्णाला ‘नीट घासत नाही’ म्हणून बोल लावणे अन्यायाचे ठरते.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पन्नीवर घोटलेला खर्रा ठेल्यावरून हटला नाही. सुपारी, चुना आणि तंबाखूचा तो तोबरा जिथे धरला जातो, तिथली हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते. विडीचा धूर तर दुहेरी घात करतो. धूम्रपानाने हिरड्या खराब होतात आणि आमवाताचा धोकाही वाढतो. शिवाय त्याने हिरड्यांतले रक्त येणे दबते, त्यामुळे आजार आत मुरला तरी कळत नाही.

म्हणून सुजलेली बोटे घेऊन कोणी दवाखान्यात आली, तर डॉक्टरांनी तिला ‘आ’ करायला सांगून हिरड्याही पाहाव्यात. दातांच्या डॉक्टरांनीही तिला विचारावे, ‘बाई, सकाळी मूठ वळायला किती वेळ लागते?’ उत्तर अर्ध्या तासाहून अधिक आले, तर आमवाताची तपासणी पुढच्या रोवणीपर्यंत लांबवू नये. औषध लवकर सुरू झाले, तर सांधे वाकडे होण्यापासून बरेचदा वाचवता येतात.